तीन पाण्यांचा चोथा

चांगुणानं पन्नाशी ओलांडेपर्यंत कॉफीचा एक घोटही घेतला नव्हता, पण उभ्या नाशिकरोडात तिच्याइतकी कॉफी हाताळलेलं दुसरं माणूस सापडलं नसतं. स्टेशनसमोरच्या अण्णांच्या हॉटेलात ती मागच्या मोरीवर भांडी घासायची. सकाळी सहाला जी बसायची ती अकराला उठायची. उठताना आधी नळाला धरायची, मग भिंतीला, आणि मग एक लांब सुस्कारा सोडायची. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला असलेली मद्रासी मंडळी, गाडीला वेळ आहे म्हणून टेकलेले प्रवासी, देवळाली कँपात निघालेले फौजी, सगळ्यांना सकाळी कॉफी लागायची आणि सगळ्यांचे उष्टे कप चांगुणापुढं येऊन पडायचे.

अकरा वाजले की स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून मंगळूरकडचा, मोडकं मराठी बोलणारा आचारी वासुदेव भट एक डबा बाहेर सरकवायचा. वनस्पती तुपाचा पाच किलोचा डबा, कडेला तार बांधलेली. त्यात सकाळभराचा कॉफीचा चोथा असायचा, काळा, ओला, अजून वाफाळणारा. चहाचा चोथा पुढच्या भट्टीवरचा माणूस परस्पर कचऱ्यात टाकायचा, त्याच्याशी हिचा काही संबंध नव्हता. कॉफीचा डबा मात्र हिचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा, आणि खाणीवरच्या वसाहतीपर्यंत दोन मैलांची चाल. असं रोज, बारा वर्षं. बघणारे म्हणायचे, बाईला वेड लागलंय. वेड म्हणा नाहीतर हट्ट म्हणा, तिला माती करायची होती.

हे माती करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात चांगुणा आणि तिचा नवरा जयराम विंचूरकडचं गाव सोडून नाशिकला आले. गावात त्यांचं स्वतःचं असं एक वीतभर रान नव्हतं. चांगुणाच्या बापानं जन्मभर दुसऱ्याची शेतं राखली. ती स्वतः आठ वर्षांची असल्यापासून तळ्यातला गाळ घमेल्यानं पाटलाच्या रानात नेऊन टाकायची. किती पिढ्यांनी तो गाळ वाहिला असेल, हिशोबच नाही. रान काळंभोर झालं, कांदा असा पोसायचा की बघत राहावं, पण त्या रानातली मेथीची एक जुडी सुद्धा मागून आणावी लागायची. मागताना बापानं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतलेला तिनं पाहिला होता. ते ती विसरली नाही.

नाशिकला पहिली दोन वर्षं तिनं गंगापूर रोडला सुमनबाईंच्या बंगल्यात धुणीभांडी केली. मग जयरामला नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाली मिळाली, तिला अण्णांकडची मोरी मिळाली, आणि पंच्याहत्तर साली खाणीवरच्या वसाहतीत एक खोली मिळाली. वसाहत जुन्या दगडखाणीच्या भरावावर उठवलेली. प्रत्येक खोलीमागं दहा बाय पंधरा फुटांची एक पट्टी. पट्टी कसली, नुसता मुरूम! टिकाव मारला की ठिणगी उडायची. बाकीच्यांनी तिथं शेळ्या बांधल्या, कोणी आंघोळीचा दगड टाकला, कोणी सरळ अडगळ रचली. चांगुणानं मेथी पेरली. मेथी बोटभर वर आली, पिवळी पडली आणि बसली. शेजारची विठाबाई कुडावरून डोकावून म्हणाली, “दगडाला मेथी येत असती तर आपण खेडं कशाला सोडलं असतं गं?”

चांगुणाला राग आला, पण बोलणं खरं होतं. माती नव्हती. विकत आणावी तर परवडत नव्हती. आणि मग एक दिवस मोरीवर बसल्याबसल्या तिची नजर खिडकीखालच्या ढिगाकडं गेली. भट तेव्हा चोथा तिथंच ओतायचा. पावसानं भिजून तो ढीग थेट गावच्या तळ्यातल्या गाळासारखा दिसत होता. तिनं चिमूट उचलली, चोळली. खिडकीशी जाऊन हाक मारली, “भटजी, हे मी नेऊ का?”

“ने की. मला काय करायचं?” भट आतून म्हणाला.

तेवढीच काय ती बोलाचाली. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. चोथा घरी आणला की चांगुणा तो तसाच टाकायची नाही. आधी धुवायची. सुमनबाईंच्या बंगल्यात गुलाबाच्या तीस कुंड्या होत्या आणि त्या कुंड्यांना चहाचा चोथा घालायचा, तर त्याचे नियम होते. चोथा तीन पाण्यांनी धुवायचा. साखर राहिली तर मुंग्या लागतात, दूध राहिलं तर कुजून घाण सुटते, मुळ्या सडतात. धुतलेलं पाणीही झाडाला नाही, गटारात. मग पिळून, गोणपाटावर पसरून सावलीत वाळवायचा, आणि मगच झाडाला. सुमनबाई शाळेत शिकवायच्या, त्यांनी हे असं पढवलं होतं की दोन वर्षांत चांगुणाच्या हाडात उतरलं. आणि नियम चुकीचा नव्हता. चहाच्या चोथ्याला तो तंतोतंत लागू होता. आपल्याकडं चहात दूध-साखर घालून उकळी आणतात आणि मग गाळतात, तेव्हा चोथा धुवावाच लागतो.

म्हणून चांगुणा कॉफीचा चोथाही तीन पाण्यांनी धुवायची. पाच किलोच्या डब्याला दोन हंडे पाणी लागायचं. वसाहतीचा नळ खाली फाट्याशी. चारला पाणी यायचं आणि पाचला जायचं. घरच्या पाण्याचे दोन हंडे वेगळे, चोथ्याचे दोन वेगळे. चढ असा की भरला हंडा घेऊन वर येताना छातीचा भाता व्हायचा. मोरीवर पाच तास वाकून आलेली बाई पुन्हा घमेल्यावर वाकायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चोथा गाळायची, पिळायची. बोटं कायमची तपकिरी झाली होती. रात्री भाकरी थापताना पिठाला कॉफीचा वास लागायचा.

कुणी म्हणेल, विचारायचं होतं भटाला. विचारायचं काय? तिला शंकाच नव्हती. दिवसाला पाचशे कप ती स्वतःच्या हातानं घासत होती. कपाच्या तळाशी साखर, कडेला साय. कॉफीत दूध असतं, साखर असते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि स्वयंपाकघरात ती कधी गेलीच नव्हती. ये असं कोणी म्हटलं नाही, येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. दारावर पाटी नव्हती. पण नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं होतं, गाव कुठलं, आडनाव काय. तिनं सांगितलं होतं. त्यावर अण्णा नुसतं “बरं” म्हणाले आणि मोरीकडं बोट केलं. असली बोटं वाचायला शाळेत जावं लागत नाही. बारा वर्षं तिनं त्या उंबऱ्याकडं पाठ करून भांडी घासली.

जयरामचं सांगायचं राहिलं. जयराम अंगानं थोराड, बोलायला संथ, आणि चांगुणाच्या मते एक नंबरचा आळशी. दिवसभर मालधक्क्यावर कांद्याची पोती रेल्वेच्या वाघिणीत चढवून संध्याकाळी घरी आला की पट्टीच्या कोपऱ्यातल्या एका दगडावर बसायचा आणि बिडी पेटवायचा. उठायचा तो जेवायलाच. आता मणामणाची पोती दिवसभर पाठीवर वाहिलेल्या माणसानं संध्याकाळी बसावं नाहीतर काय नाचावं? पण चांगुणाही उभी होती ना. दोन दमलेली माणसं एका खोलीत राहिली की कोण जास्त दमलं याचाच तंटा असतो.

जयराम येताना एक मात्र करायचा. वाघिणी झाडून निघालेला कचरा, कांद्याची टरफलं, गवताच्या काड्या, कुजकी पात, एका पोत्यात भरून आणायचा. वजन काही नाही, ओझं काही नाही. आणून आपल्या त्या कोपऱ्यात टाकायचा आणि त्याच्या शेजारी बसून राहायचा. चांगुणा म्हणायची, “बायकू माती करती आन् नवरा उकिरडा.”

एका रविवारी ती घमेल्यात दुसरं पाणी ओतत होती आणि हा दगडावर बसून खाली बघत होता.

“चांगुणे, इकडं ये.”

“हात वले हायेत. तिथूनच बोला.”

“बघ तर खरं. मुंग्यांच्या रांगंत चिमूटभर चोथा टाकलाय. बिनधुतला. मुंगी शिवंना त्याला. वळसा घालून जाती.”

“मग?”

“मग काय? साखर असती तर सोडला असता का तिनं? यात साखर नाय. धुतीस कशापायी?”

चांगुणानं हातातला तांब्या खाली ठेवला. “कप मी घासते का मुंगी? एकेकाच्या बुडाला बोटभर साखर असती. आन् म्हणं साखर नाय! तुमच्या मुंग्याबी तुमच्यावानीच. समोर आलेलं उचलायचा कंटाळा!”

जयराम हसला. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यालाही कष्ट पडतात.

पण माणूस मनातलं सोडत नाही. चांगुणाला कधी ताप यायचा, कधी गुडघा सुजायचा, कधी सणासुदीला हॉटेलात दुपारचीही पाळी करावी लागायची. असल्या दिवशी जयराम धक्क्यावरून लवकर सुटायचा, आणि डबा आणण्यापासून पाणी भरण्यापर्यंत चोथ्याचं सगळं काम त्याच्याकडं. संध्याकाळी ती कामावरून आली की दारातूनच, नाहीतर पडल्यापडल्या अंथरुणातून विचारायची, “धुतला का?” आणि जयराम बिडी न काढता सांगायचा, “धुतला.” बस्स. त्या दिवशी तिला आंघोळीला हंडाभर कढत पाणी मिळायचं. तीन विटांच्या चुलीवर त्यानं तापवून ठेवलेलं असायचं. एरवी तांब्या-दोन तांब्यांत उरकणारी बाई त्या दिवशी भरपूर पाणी अंगावर घ्यायची, पाठ शेकून निघायची, आणि जेवून मेल्यासारखी झोपायची. एवढं पाणी कुठून उरलं हे तिनं कधी विचारलं नाही. दमलेल्या माणसाला सुखाची चौकशी करायला सवड नसते.

वर्षं गेली. पोरगी मैना मोठी झाली, मालेगावला दिली. जावई यंत्रमागावर कामाला होता. वसाहतीत वीज आली, रेडिओ आले. चांगुणाच्या पट्टीतही बदल झाला. तिच्या वाफ्यांत तिसऱ्या वर्षी मेथी हातभर झाली. सहाव्या वर्षी अंबाडी, लाल माठ, दोन वांगी. पहिली जुडी तिनं उपटली तेव्हा मुळांना चिकटलेली माती झटकलीच नाही, तशीच घरात नेऊन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. पण तिच्या वाफ्यांचं असं होतं की हात फिरवत राहिलं तर ठीक, आठ दिवस दुर्लक्ष झालं की वर कडक पापडी धरायची.

जयरामचा कोपरा मात्र वेगळाच निघाला. तिथं तो नुसता टाकायचा आणि बसायचा. चोथ्यावर टरफलं, टरफलांवर काड्या, पुन्हा चोथा. पाऊस पडला की वाफ निघायची. दोन पावसाळ्यांत ते सगळं बसलं, काळं झालं, आणि मूठ आवळली की लाडू वळावा तशी माती हातात यायला लागली. बोटाएवढी गांडुळं निघायची. त्यानं तिथं वालाचे चार दाणे टोचले, वेल खोलीच्या पत्र्यावर गेला, तिथून विठाबाईच्या पत्र्यावर गेला. सगळी वसाहत त्या वालाच्या शेंगा खायची. विठाबाई मुद्दाम विचारायची, “भावजी, औषध काय घालता वो?”

“बसतो नुसता,” जयराम सांगायचा.

चांगुणाला हे लागायचं. आपण मरमर मरतो आणि याच्या कोपऱ्याचं कौतुक. पण तिच्याकडं उत्तर तयार होतं. तिच्या आंघोळीचं पाणी त्याच कोपऱ्यातून वाहायचं. सदा ओलं राहतं, म्हणून तिथं येतं. यात त्या आळशाचं काय कर्तृत्व?

शहाऐंशीच्या थंडीत जयराम बसला तो बसलाच. छातीत खोकला भरला. धक्क्यावर जाणं बंद झालं. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, इंजेक्शनं झाली, पण अंग वाळतच गेलं. दुपारी चांगुणा आली की त्याची बाज मागच्या दारी उन्हात ओढायची. त्याला आपला कोपरा दिसायला लागायचा.

अशाच एका दुपारी ती नळावरून दुसरा हंडा घेऊन आली. मोरी झाली होती, जयरामचं अंथरूण धुवून झालं होतं, चोथा अजून घमेल्यात होता. जयराम म्हणाला, “चांगुणे, एक सांगू? रागावू नको.”

“सांगा.”

“त्या कोपऱ्यात मी एकदाबी धुवून टाकला नाय. तू इचारायचीस धुतला का, आन् मी म्हणायचो धुतला. खोटं बोलायचो. लय दिवस मनात होतं.”

चांगुणा हंड्यासकट उभी राहिली. बारा वर्षांचं पाणी तिच्या डोक्यात चढलं. गुडघा ठणकत होता, कंबर कामातून गेली होती, आणि हा माणूस उन्हात बसून सांगत होता की तू वाहत होतीस तेव्हा मी बसलो होतो.

“आता मरताना तरी आळस सोडा,” ती म्हणाली.

जयराम हसला. हसता हसता खोकला आला, आणि मग बराच वेळ खोकतच राहिला. तिनं पाठ चोळली, पाणी पाजलं, गोळी दिली. बोलली मात्र नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. तिला मनापासून तसं म्हणायचं नव्हतं, हे सांगायची गरजच नाही. दमलेलं माणूस बोलून जातं. पण शब्द तोंडातून सुटला होता, आणि तो परत घ्यायला माणूस शिल्लक नव्हता.

मैना आली, नातलग आले. बुद्धवंदना झाली, सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जयरामबद्दल चांगलं बोलले, आणि आपापल्या गावाला गेले. दहाव्या दिवशी चांगुणा पुन्हा मोरीवर बसली. पोट काही सुतक पाळत नाही.

फाल्गुन लागला. नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं. गुडघा असा झाला की चढावर दोनदा हंडा खाली ठेवावा लागायचा आणि पुन्हा उचलून द्यायला माणूस शोधावं लागायचं. घरचं पाणी एका माणसाला एक हंडा पुरे. चोथ्याचे दोन हंडे आता तिच्यानं होणार नव्हते. हे तिला आतून कळलं होतं, पण चार दिवस ती स्वतःशीच लपवाछपवी करत राहिली. चोथा नाही तर माती नाही. वाफे उन्हाळ्यात कडक होतील, पावसात वाहतील, दोन वर्षांत पुन्हा मुरूम वर येईल आणि टिकावाखाली ठिणगी उडेल. बापाचा हातातला टॉवेल तिला आठवला. आपणही पुन्हा भाजी मागून आणायच्या दिवसांवर येणार. येऊ दे. किती ओढायचं माणसानं?

पाचव्या दिवशी अकरा वाजता भटानं डबा सरकवला, तसा तिनं तो परत आत ढकलला.

“भटजी, उद्यापासनं ठिऊ नका. टाकून द्या.”

भटाचं डोकं खिडकीत आलं. इतक्या वर्षांत पांढरं झालं होतं. “का? बागेला नको आता?”

“बागेला हवाय. मला व्हत नाय. धुवायला पाणी कुठून आणू? दोन हंडे लागतात.”

“काय धुतो तू?”

“चोथा.”

“चोथा कशाला धुतो?”

“साखर-दूध काढायला नको? मुंग्या लागतील.”

भट तिच्याकडं बघत राहिला. त्याला बहुतेक वाटलं, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलं. मग त्यानं मागं वळून पाहिलं. पुढं गल्ल्यावर अण्णा नव्हते, मुलाच्या लग्नाला मंगळूरला गेले होते.

“आत ये,” तो म्हणाला.

चांगुणा जागची हलली नाही.

“अगं ये, आत कोणी नाही.”

कोणी नाही म्हणून ये. तिला ते बरोबर ऐकू आलं. तरीही ती गेली. बारा वर्षं ज्याच्याकडं पाठ होती तो उंबरा ओलांडायला तिला गुडघ्यामुळं दोन वेळा पाय उचलावा लागला. आत अंधार, धूर आणि तिच्या बोटांचा वास. भटानं एका कापडी पिशवीत कॉफीची पूड भरली, पिशवी भांड्यावर धरली, आणि वरून उकळतं पाणी ओतलं. नुसतं पाणी. खाली काळाकुट्ट रस ठिबकायला लागला.

“हा बघ. पूड आणि पाणी. दूध तिकडे, साखर तिकडे. ते नंतर कपात घालतो आम्ही. पिशवीत कधी नाही.” त्यानं चमच्यात तो काळा रस घेऊन तिच्यापुढं धरला. “चाखून बघ.”

तिनं चाखला. कडू जहर. जीभ आक्रसली. पुन्हा चाखला. साखरेचा कणही नव्हता.

“कधी नाय?” तिनं विचारलं. “पयल्यापासनं असंच?”

“माझ्या आजापासून असंच,” भट म्हणाला. “तू रोज धुतला? बारा वर्षं?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत घेऊन कोणी बारा वर्षं चढ चढलेलं ऐकलंय का? दिवसाला दोन हंडे. तिनं गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला. त्या आकड्याचं करायचं काय होतं? भटानं एका पितळी पेल्यात दूध-साखर घालून कॉफी केली आणि तिच्या हातात दिली. पेला तिनंच सकाळी घासलेला होता. उभ्याउभ्या ती प्यायली. चांगली होती. गोड होती. हे एवढंसं दारापलीकडं होतं, आणि आत ये म्हणायला बारा वर्षं लागली. तिला रडू आलं नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं, बसावंसं वाटलं.

पेला तिनं मोरीवर नेऊन घासला आणि पालथा ठेवला. मग खिडकीशी गेली. “भटजी, डबा द्या,” ती म्हणाली. “उद्याबी ठिवा.”

वाटेवर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती पाण्याची नव्हती. मुंगी वळसा घालून जाती. दगडावर बसलेल्या माणसानं ते पाहिलं होतं. दिसलं ते सांगितलं होतं, हसण्यावारी नेल्यावर गप्प बसला होता, आणि आपल्या कोपऱ्यात गुपचूप ते खरं करून दाखवलं होतं. आणि ते वाचलेलं पाणी? एकदम तिच्या पाठीला त्या कढत पाण्याची आठवण झाली. ताप उतरल्यावरची, सणाची पाळी करून आल्यावरची ती हंडा हंडा आंघोळ. धुतला म्हणून खोटं बोलून त्यानं चोथ्याचं पाणी तिच्यासाठी तापवलं होतं, प्रत्येक वेळी. आणि तिनं त्याला शेवटचं काय म्हटलं, तर मरताना तरी आळस सोडा. रस्त्यात सिन्नरची एसटी मागून भोंगा वाजवत होती, पण ती कडेला व्हायचं विसरली. ड्रायव्हरनं शिवी दिली. शिवी खाऊन तिला बरं वाटलं.

घरी आल्यावर तिनं घमेलं काढलं नाही, फडकं काढलं नाही. डबा घेऊन सरळ मागं गेली. कोपऱ्यात वालाचा वेल सुकून पिवळा झाला होता, तीन महिने तिथं कोणी काही टाकलं नव्हतं. जयरामनं आणलेलं टरफलांचं शेवटचं पोतं भिंतीला तसंच टेकून होतं. तिनं ते सोडलं, एक थर पसरला, त्यावर अख्खा डबा उपडा केला. चोथा काळा, ओला, तसाच. हातानं सारखा करावा म्हणून ती वाकली, आणि थांबली. त्यानं कधी सारखा केला नव्हता. मग तीही त्याच्या दगडावर बसली. दगड मधे गुळगुळीत झाला होता. पायाशी बिडीची दोन थोटकं मातीत रुतलेली होती, ती तिनं तशीच राहू दिली. थोड्या वेळानं मुंग्यांची एक रांग भिंतीच्या कडेनं आली, चोथ्यापाशी थबकली आणि वळून गेली. चांगुणा बघत राहिली. हुंदका आला तो तिनं पदरात दाबला.

चार वाजून गेले असावेत. खाली फाट्याशी कळशांचा खणखणाट सुरू झाला, भांडणं सुरू झाली. कुडापलीकडून विठाबाईची हाक आली.

“चांगुणे, अगं नंबर लागला तुझा! हंडा आण की बिगीनं. चोथा धुवायचा नाय का आज?”

चांगुणा उठली नाही. तिनं पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकली.

“धुतला,” ती म्हणाली.